तिसरं पाकीट

लग्नाच्या पंगतीत सॅम्पलकाकाजी दिसले की आचाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा. पानात वाढलेलं ते खात नसत. आधी उठून थेट भाताच्या गंजापाशी जात, डाव हातात घेत आणि काठाला दोनदा, मधोमध एकदा, बुडातून एकदा असा चार ठिकाणांहून भात काढून पत्रावळीवर कालवत. मग त्यातला एक घास तोंडात टाकत. "वरून चाखून काय समजते बे? वरचा भात तं सगळ्याइचाच चांगला असते," म्हणत. एका लग्नात बुडाचा भात लागल्याचं त्यांनी पहिल्याच पंगतीला मोठ्यानं सांगून टाकलं. मुलीचा बाप पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. काकाजींना त्याचं काही वाटलं नाही. भात करपलेला होता आणि त्यांनी तसं सांगितलं होतं, त्यांच्या लेखी विषय एवढाच होता.

आमच्या चिखल्याच्या मँगनीज खाणीत ते नमुने घेण्याचं काम करत, म्हणून सगळी वसाहत त्यांना सॅम्पलकाकाजी म्हणे. खाणीतून वर आलेला माल ढिगांनी रचून ठेवतात. त्यात खरं मँगनीज किती आणि नुसता दगड किती, म्हणजे मालाची प्रत काय, हे ठरवायला अख्खा ढीग काही कुणी प्रयोगशाळेत नेत नाही. काकाजी ढिगावर चढून जागोजागचा फावडंभर माल काढत, तो कुटून घेत, त्याची शंकूसारखी रास करत, ती चपटी करून तिचे चार भाग पाडत. समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, बाकीचे दोन टाकायचे. उरलेल्याची पुन्हा रास, पुन्हा चार भाग. असं करता करता ढिगाची ओंजळ होई, आणि काकाजी ती ओंजळ अशी जपून नेत की जणू तान्हं मूल आहे. "या ओंजळीत तो सगळा ढीग बसला हाये," असं ते मला एकदा म्हणाले होते. मी तेव्हा हसलो होतो.

त्या ओंजळीची तीन पाकिटं व्हायची. एक आपलं, एक माल घेणाऱ्याचं, आणि तिसरं लाखेनं बंद केलेलं. तिसऱ्यावर दोघांच्याही सह्या लागत. दोघांच्या तपासणीत फरक निघाला, वाद झाला, तरच ते फोडायचं, आणि त्यातून जे निघेल ते दोघांनीही मुकाट्यानं घ्यायचं. वाद नसला तर पाकिटावर 'मान्य' असं लिहून ते न फोडताच निकालात काढायचं. काकाजींचा सगळा जीव त्या तिसऱ्या पाकिटात असे. घरीसुद्धा त्यांनी ही रीत चालवली होती. एकदा काकूंनी तुरीच्या डाळीवरून दुकानदाराशी भांडण काढलं, दुकानदार कबूल होईना, तर हे घरात गेले आणि डाळ आणली त्या दिवशीच लाख लावून ठेवलेली पुडी घेऊन आले. पुडी फुटली. डाळ चांगली निघाली. काकूंना भर बाजारात माफी मागावी लागली आणि नंतर दोन दिवस काकाजींना स्वतःच्या हातचं जेवावं लागलं.

त्यांच्या नोकरीच्या काळात खाणीला बाहेरून माल घालणाऱ्या एका खासगी ट्रकवाल्यानं ढिगाच्या पोटात हलका दगड भरून वरून चांगला माल पसरला होता. काकाजींचं फावडं पोटात गेलं आणि ते उघडं पडलं. प्रत थोडी वाढवून लिहा, असं ट्रकवाल्यानं आधी हात जोडून सांगितलं, मग हात न जोडता सांगितलं. पुढचा महिनाभर काकाजींच्या सायकलची हवा रोज कुणीतरी सोडत होतं. ते रोज सायकल ढकलत घरी येत आणि दारात पंप मारत. माझे वडील भूमिगत पाळीवर होते, त्यांनी विचारलं, "कायले एवढा तरास करून घेता?" तेव्हा काकाजी म्हणाले, "दगडाले तोंड नसते ना भाऊ. त्याच्या वतीनं मीच बोलतो. मीच खोटं बोललो तं त्यानं कोणापाशी जावं?" हे वाक्य पुढे मला फार छळणार होतं.

आता फुटबॉलकडे येतो, कारण माझा आणि त्यांचा संबंध तिथलाच.

वसाहतीच्या मैदानाची माती काळी आहे. शेतातली काळी नव्हे, मँगनीजची काळी, अंगाला लागली की साबणालाही दाद देत नाही. त्यामुळे आमच्याकडे गोलकीपर ओळखायची एक सोपी खूण होती. ज्याची जर्सी जास्त काळी, तो जास्त भारी. सामना संपला की लोक स्कोअर नंतर विचारत, आधी कीपरच्या अंगाकडे पाहत. मी कीपर होतो, आणि मला हे फार लवकर कळलं होतं. हातात आरामात येणाऱ्या चेंडूवरही मी अंग झोकून द्यायचो. आई धुऊन धुऊन थकायची आणि तरी शेजारणींना ती जर्सी कौतुकानं दाखवायची.

गोलाच्या मागे घरचं लाकडी स्टूल टाकून बसणारे काकाजी एवढे एकच होते, ज्यांना हे पटत नव्हतं. मी सतरा वर्षांचा असताना, आंतरखाण स्पर्धेचा सामना जिंकून, नखशिखान्त काळा होऊन बाहेर आलो, तर त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, पाठ थोपटतील.

"एवढा काळा काहून झाला?" त्यांनी विचारलं.

"उड्या मारल्या ना काकाजी."

"उड्या कायले माराव्या लागल्या? उशिरा निघाला म्हणून. जो कीपर बरोबर जाग्यावर उभा असते, त्याची जर्सी पांढरीच राह्यते. लोक पाहून राहिले तुही धूळ. मी पाहून राहिलो तुहे पाय."

मला राग आला. पण रविवारच्या सामन्यात मी नुसते पाय सांभाळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बऱ्यापैकी पांढरा घरी आलो. आईनं विचारलं, "आज बसवलं होतं का तुले बाहेर?"

त्या स्टुलावर त्यांच्या मांडीवर वही असे. तिच्यात गोल नसत, चेंडू असत. गोलाच्या दिशेनं मारलेला प्रत्येक चेंडू. कुठून मारला, पायानं की डोक्यानं, मध्ये किती माणसं होती, कीपर कुठं होता. आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा. असे शंभर चेंडू अशाच जागेवरून मारले तर आत किती जातील, हा तो आकडा. "शंभरात किती" हे त्यांचं पालुपद होतं. दहा-वीस वर्षांच्या वह्यांवरून त्यांनी ते कोष्टक बसवलं होतं. एखादा चेंडू शंभरात पाच वेळाच जाणारा असेल आणि नेमका आज गेला, तर मारणाऱ्याचं कौतुक करणाऱ्यांकडे ते अशा काही कीव येऊन बघत की विचारू नका. "स्कोअर म्हणजे ढिगाचा वरचा थर हाये. त्याच्यावरून प्रत नाई लिहत," असं म्हणत.

पुढे मी व्यावसायिक खेळाडू झालो. दक्षिणेकडच्या एका शहरातल्या क्लबनं मला घेतलं. तिथं पहिल्याच आठवड्यात लॅपटॉप घेतलेला एक तरुण आमच्यासमोर उभा राहिला आणि 'एक्सजी' म्हणजे काय ते समजावू लागला. प्रत्येक फटक्याची गोल होण्याची शक्यता, त्यांची बेरीज, त्यावरून संघाची खरी कामगिरी. बाकीचे माना डोलवत होते. मला हसू आवरेना. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमच्या गावात हे एक काका स्टुलावर बसून करतात. त्याला ती थट्टा वाटली.

काकाजी तोवर निवृत्त झाले होते. भिलाईला असलेल्या मुलीनं त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाइल घेऊन दिला होता, त्यावर ते माझा प्रत्येक सामना बघत. दर सोमवारी सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. नमस्कार, तब्येत वगैरे काही नाही. "स्कोअर तुले माहीत हाये, प्रत मी सांगतो," इथूनच सुरुवात. एकदा आम्ही ओळीनं पाच सामने हरलो. प्रशिक्षकाची नोकरी जाणार अशा बातम्या येत होत्या, प्रेक्षक आमच्या बसवर बाटल्या फेकत होते. आणि काकाजी म्हणाले, "टीम चांगली खेळून राहिली. समोरच्याइचे बॉल दुरून येऊन राहिले, तुमचे जवळून जाऊन राहिले. फक्त आत नाई जाऊन राहिले. दम धरा." पुढच्या महिन्यात आम्ही तळातून मधोमध आलो. लॅपटॉपवाल्याचंही तेच म्हणणं होतं, पण त्याच्याजवळ चार पडदे होते.

मग तो सीझन आला, ज्याच्याबद्दल मला खरं सांगायचं आहे.

त्या सीझनमध्ये आमचा संघ दुसरा आला. क्लबच्या इतिहासात एवढं कधी झालं नव्हतं. आणि सगळीकडे माझं नाव होतं. माझ्या उड्यांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरत होत्या, रस्त्यात लोक थांबवून फोटो काढत होते. क्लबनं तीन वर्षांचा नवा करार तयार ठेवला होता, सुट्टीहून परतल्यावर सही करायची एवढंच बाकी होतं. फक्त मला एकट्याला ठाऊक होतं की माझा डावा खांदा गेला आहे. सीझनच्या सुरुवातीलाच सरावात तो एकदा निखळून आपोआप बसला होता. तेव्हापासून डावीकडे खाली झेपावताना हात पूर्ण लांब होत नव्हता. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसरा कीपर खेळला असता, आणि तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता.

सुट्टीत चिखल्याला आलो. वसाहतीच्या हॉलमध्ये संध्याकाळी माझा सत्कार ठरला होता. त्या दिवशी दुपारी काकाजींनी घरी बोलावलं. काकूंनी भात आणि मोहरीची भाजी केली होती. जेवण झाल्यावर त्यांनी पुढ्यात एक कागद ठेवला. अख्ख्या सीझनचा तपशील त्या एका कागदावर होता.

"सीझनचे चार भाग केले," ते म्हणाले. "पह्यला अन् तिसरा एकीकडं, दुसरा अन् चौथा एकीकडं. म्हटलं, एखादा भाग चुकीचा असंल. पण दोन्ही ओंजळी सारख्याच निघाल्या, बाबू."

"काय निघालं?"

"तुमची टीम वर आली ते खरंच हाये. तुमच्याइतल्या पुढं खेळणाऱ्या पोराइनं मेहनत केली, त्याइची प्रत चांगली हाये. पण लोक म्हणून राहिले का तुह्यामुळं आली. ते मले कागदावर नाई दिसून राहिलं. तुह्या डाव्या हाताले खाली आलेले बॉल जेवढे अडाले पाह्यजे होते, तेवढे नाई अडले. बाकीचे खांबाले लागून वापस आले. यावर्षी खांबानं तुले लय सांभाळलं."

मी कागदाची कड नखानं दुमडत बसलो.

"अन् तू डावीकडं झुकून उभा राहून राहिला. म्हणून उजवीकडं तुले एवढ्या मोठ्या उड्या माराव्या लागल्या. तेच लोक दाखवून राहिले मोबाइलवर. तुही जर्सी पुन्हा काळी व्हाले लागली, बाबू." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "खांदा दुखून राहिला का तुहा?"

हजार मैलांवरून, तळहाताएवढ्या पडद्यावर बघून त्यांनी ते ओळखलं होतं. क्लबमध्ये चार पडदे असूनही ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा संघ जिंकत असल्यानं कुणाला बघायचंच नव्हतं. मी त्या क्षणी रडायला हवं होतं. त्याऐवजी मी उसळलो.

"काई दुखत नाई मले. तुम्हाले माह्यं चांगलं झालेलं पाहावत नाई, काकाजी."

"तसं नाई बाबू. डॉक्टरले एक वेळ दाखव, एवढंच..."

"जिंदगीभर तुम्ही दगड तपासले. माणसाचं तुम्हाले काय समजते?"

असं मी बोललो, आणि माझ्या वाट्याचा कागद उचलून त्यांच्यासमोर फाडला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. काकाजींच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कपाटातून लाख लावलेलं पाकीट काढलं आणि पेन पुढे केलं.

"फाडला तं फाड. एक माह्यापाशी हाये. तिसरं हे. त्यातही तेच हाये, अक्षर न् अक्षर. यावर तुही सही पाह्यजे. माही केली हाये."

"मी नाई करत सही," म्हणून मी चपला घातल्या.

संध्याकाळी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत आई नव्या लुगड्यात, वडील इस्त्रीच्या सदऱ्यात. तुमसरहून एक बातमीदार आला होता, वही उघडून बसला होता. भाषणं झाली, हार झाले. आणि सत्कार ठेवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरीला काय सुचलं कोण जाणे, त्यानं माइकवर जाहीर केलं की या सीझनची खरी प्रत आता आपले सॅम्पलकाकाजी वाचून दाखवतील. टाळ्या वाजल्या.

काकाजी उठले. त्यांच्या खिशात घडी केलेला कागद होता. त्यांच्या वाट्याचा. त्यांनी तो उघडला, चष्मा लावला आणि माइकपाशी उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे, मग त्या बातमीदाराकडे. हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं की हा माणूस लग्नातला भातही करपला असेल तर करपला म्हणून सांगतो. मी मनात म्हणत होतो, नका वाचू, काकाजी.

"एक नंबर प्रत हाये," ते म्हणाले. "काईच मिलावट नाई."

एवढंच बोलून त्यांनी कागदाची घडी घातली आणि खाली येऊन बसले. हॉल टाळ्यांनी दणाणला. सॅम्पलकाकाजींनी एक नंबर म्हटलं म्हणजे काय, हे चिखल्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. आईनं डोळ्यांना पदर लावला. आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. केवढं हायसं! सायकल ढकलत महिनाभर घरी गेलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा खोटी प्रत सांगितली होती, माझ्यासाठी सांगितली होती, आणि मी हार घातलेल्या गळ्यानं सुटकेचा श्वास टाकत होतो. चहाला ते थांबले नाहीत. दारातून वळून त्यांनी एकदा पाहिलं तेव्हा मी फोटोसाठी हसत होतो.

कराराआधी क्लबच्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं. मी दात आवळून तो वर केला. सही झाली. पुढच्या सीझनच्या चौथ्या सामन्यात, डावीकडे खाली, अगदी साधा चेंडू आला. शंभरात दहाही आत जाणार नाहीत असा. मी झेपावलो आणि खांद्यातून जो आवाज आला, तो मला अजून झोपेत ऐकू येतो. शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली. वर्षभर आधी दाखवलं असतं तर विश्रांतीनं आणि व्यायामानं जमलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता माझा डावा हात कानाच्या वर जात नाही. क्लबनं सभ्यपणे निरोप दिला, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या दिवसांत दर सोमवारी सकाळी दहाला फोन वाजायचा. पडद्यावर काकाजींचं नाव यायचं. मी तो वाजू द्यायचो. 'मी सांगितलं होतं ना,' हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पाच सोमवार, दहा सोमवार. मग एका सोमवारी तो वाजला नाही, आणि त्याच आठवड्यात आईचा फोन आला की काकाजी गेले. अंगणात खुर्चीवर बसले होते, बसल्या बसल्या मान कलली. मी गेलो नाही. हात गळ्यात बांधलेला आहे, प्रवास झेपणार नाही, असं आईला सांगितलं. हात गळ्यात होता हे खरं होतं. पण न जाण्याचं कारण ते नव्हतं.

आता मी तुमसरच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. चिखल्याला परत आल्यावरसुद्धा काकूंच्या दारात जायला मला चार महिने लागले. गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "काकू, ते मले दर सोमवारी फोन करत होते. मी उचलला नाई. मले वाटलं, ते म्हणतीन का मी आधीच सांगतलं होतं."

"ते कायले म्हणतीन तसं?" काकू म्हणाल्या. "ते तं तुले माफी मांगाले फोन करत होते."

"माफी कायची?" मी विचारलं.

"सारखे म्हणत, जिंदगीत एक वेळ खोटी प्रत देल्ली, अन् पोराचा खांदा गेला. त्या दिवशी हॉलात खरं बोललो असतो तं पोरगा चार दिवस रागावला असता, पण डॉक्टरकडं तं गेला असता. हेच एक धरून बसले होते. म्यां लय समजावलं. पण नाईच." त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. "मंग तं त्याइनं चार जागचं चाखणंच सोडलं. गंजातला वरचाच भात घेत. म्यां म्हटलं, आज खालून नाई पाहात का? तं म्हणत, आता कायले? माह्या जिभेवर माहाच भरोसा नाई राह्यला."

त्यांनी खोटं सांगितलं ते मी मनात ओरडून मागितलं होतं म्हणून. खांदा गेला तो मी लपवला म्हणून. यातला कणभरही दोष त्यांचा नव्हता, आणि ते सांगायला मला दहापेक्षा जास्त सोमवार मिळाले होते. एकदा फोन उचलला असता तर तो माणूस खालचा भात चाखत गेला असता.

काकू आत गेल्या आणि कपाटातून पाकीट घेऊन आल्या. त्यावरची लाख तशीच होती. एका बाजूला काकाजींची लपेटदार सही, आणि शेजारी माझ्यासाठी सोडलेली जागा. एका सहीच्या पाकिटाला काही किंमत नसते, असं तेच सांगायचे. तरी त्यांनी ते फेकलं नव्हतं.

"तू आला तं तुले द्या म्हणत होते," काकू म्हणाल्या. "फोड. पाहून घे काय हाये ते."

पाकीट हातात घेऊन मी लाखेवरून अंगठा फिरवला. आत काय आहे ते मला पाठ होतं. डावीकडे खाली आलेले चेंडू, खांबांनी परत पाठवलेले चेंडू, झुकून उभे राहिलेले माझे पाय. अक्षर न् अक्षर. आणि तिसरं पाकीट वाद असेल तरच फोडायचं, हा त्यांचाच नियम होता.

"नाई काकू," मी म्हणालो. "फोडाचं काम नाई. पेन हाये का?"

त्यांनी भिंतीतल्या देवळीतलं काकाजींचं पेन दिलं. ते सुरुवातीला उमटेना, दोन-तीनदा झटकावं लागलं. मग मी रिकाम्या जागेत सही केली, आणि सहीच्या वर, दोघांच्याही नावांना पुरेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, मान्य.